छाटाच्या विड्या

पाइप मंगळवार बाजारातला.
चाळीस सांगितले, पंचविसाला दिला,
तुटकी कुलपं, एकेकटी पैंजणं
आणि बिनकाट्यांची घड्याळं यांच्या ढिगातून.
आणला त्या दिवशी आमचे हे
आरशापुढं अर्धा तास उभे,
तोंडात पाइप, अंगात बनियन,
खांद्यावर कारखान्यातला डागाळलेला टॉवेल.
मी म्हटलं, रोज हजार विड्या वळणारीचा नवरा
आणि ह्यांना पाइप पाहिजे!
हे म्हणाले, म्हणूनच.

त्याला झाली अकरा वर्षं.
दांडी ढिली, बोलता बोलता गळून पडायची,
टोक दातांनी चावून चावून चपटं,
वरचा काळा रंग गेला तेव्हा कळलं
आतलं लाकूड आंब्याच्या पेटीचं.
परवा बुडाला भोक पडलं.
निखारा थेट लुंगीवर.
तेव्हापासून हे बोलत नाहीत,
माझ्याशी नाही, लुंगीशी नाही.
टाकून दे, एवढंच म्हणाले.
टाकायला स्वतः उठले नाहीत.

आज हे लूमवर गेल्यावर
सूप बाजूला सारलं.
विडीची कात्री मिटवून टोकानं काजळी खरवडली.
सगळी नाही.
तव्याची काळी सगळी काढली तर भाकरी चिकटते,
हे मला कुणी शिकवायला नको.
दांडीत केरसुणीची काडी घातली,
नर्सबाईकडून आणलेलं स्पिरिट ओतलं,
निघाली ती मेंदीच्या रंगाची घाण
मोरीत तीनदा पाणी ओतूनही जाईना.
ढिल्या चुळीला विडीचाच दोरा,
मेणबत्तीवर फिरवून सात वेढे.
आठवा जास्त झाला, उलगडला.
टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी.

राहिलं भोक.
मागच्या गल्लीतला किष्टय्या चिलीम ओढायचा,
तो सांगायचा, राख पाण्यात कालव,
चिखल कर, दाबून भर, दोन दिवस वाळव.
चुलीची चालत नाही. तंबाखूचीच.

घरात तंबाखू पिशवीनं,
राख चिमूटभर नाही.
आणि ती तंबाखू तरी कुठं आपली,
मोजून देतात, मोजून घेतात.
पण काल ब्रँचमधे चेकरनं साठ विड्या छाटात काढल्या,
पान फाटलं म्हणाला, तोंड नीट बंद नाही म्हणाला.
त्यातल्या चार पदरात आणल्या होत्या.
कशाला, तेव्हा माहीत नव्हतं.

एक पेटवली, ताटलीत ठेवली.
विझली.
परत पेटवली.
विझली.
विडीला ओढणारं कुणीतरी लागतं.

बाराव्या वर्षापासून वळते मी.
बाळंतपणाच्या आदल्या दिवशी सहाशे वळल्या.
पोरीनं एकदा मोबाइलवर हिशेब केला,
कोटीच्या वर गेला,
ती हसली, मग हसायची थांबली.
त्यातली एकही ओठाला लावली नव्हती.

दार लोटलं. कडी घातली.
झुरका.
छातीत पिंजारी बसला जणू.
भिंतीपलीकडून नागम्मा,
काय गं, मिरची कांडतेस का?
हो, म्हटलं.
दुसऱ्याला खोकला कमी आला.
तिसरा राखेसाठी नव्हता.

चार विड्यांची राख, करंगळीवर मावेल इतकी.
कालवली, भरली, अंगठ्यानं दाबली,
खिडकीत ठेवला पाइप, उन्हाकडं तोंड करून.

संध्याकाळी ह्यांनी उचलला.
भोकाच्या जागी बोट फिरवलं,
दांडी ओढून बघितली, निघेना.
बागुंदि, म्हणाले.
दोन दिवस पेटवू नका, म्हटलं.
मान हलवली, रिकामाच तोंडात धरला,
मग नाक वर करून खोलीभर हिंडले.
घरात विडी कुणी ओढली?

मी सूप मांडीवर घेतलं.
पाइपनं, म्हटलं.

कात्री अजून काळीच होती.
पहिल्या पानावर काजळीचं बोट उमटलं.
ही छाटात जाणार.
जाऊ दे.